काजूच्या टरफलावर चालणारी कौलभट्टी : अस्तर निवडीचं एक प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका कौल कारखान्याची ही भट्टी. आतून ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, कमान सुरू होते तिथपर्यंत २.४ मीटर उंच. लांब बाजूंना तीन-तीन अशी जळणाची सहा तोंडं. भट्टी डाउनड्राफ्ट, म्हणजे जाळ आधी आडभिंतीवरून (जळणाच्या तोंडांसमोरच्या आतल्या बुटक्या भिंतीवरून) उसळून कमानीला भिडतो, मग मालातून खाली उतरतो आणि जमिनीखालच्या नाळीतून चिमणीकडे जातो. एका भरणीत पाच ते साडेपाच हजार मंगळुरी कौलं. जाळ तीस तासांचा, शेवटचं तापमान १०५० अंश सेल्सिअस. जळण म्हणून आधी फक्त लाकूड होतं. चंदगड आणि बेळगाव पट्ट्यात काजूचे कारखाने वाढले तशी टरफलं मिळू लागली आणि गेली काही वर्षं शेवटचा जाळ टरफलांवरच देतात. एका भट्टीला, म्हणजे एका भाजणीला, लाकडाच्या हिशेबात साधारण पाच टन जळण.

भिंतीला आतून २३० मिमी फायर ब्रिक, म्हणजे तापसह वीट, आणि बाहेरून ३४५ मिमी साधी लाल वीट. दोन पावसाळ्यांत आतल्या विटेचे पापुद्रे सुटायला लागले. कमान मधोमध ४० मिमी बसली. मध्यंतरी एक उपाय म्हणून भिंतीच्या आतून २५ मिमीचं सिरॅमिक फायबर ब्लँकेट पिनांनी ठोकलं होतं. ते पाच-सहा भट्ट्यांत कडक झालं, तुकडे मालावर पडले, आणि तेवढी कौलं डागाळली.

मालकांनी तीन ठिकाणी विचारणा केली, तीन वेगळी उत्तरं आली. एकाने ७० टक्के ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) वीट सुचवली. दुसऱ्याने सगळी भट्टी फायबरच्या मॉड्यूलने, म्हणजे तयार ठोकळ्यांनी, मढवायला सांगितली. तिसऱ्याने आहे तसंच पुन्हा बांधा, वर जाडी थोडी वाढवा, असं सांगितलं. तिन्ही उत्तरं कुठल्या ना कुठल्या भट्टीसाठी बरोबर आहेत. या भट्टीसाठी तिन्ही चूक.

कारण तिघांनीही पहिला प्रश्न तापमानाचा विचारला. १०५० अंश सोसणं हे आयएस ८ या भारतीय मानकाच्या साध्या फायर ब्रिकलाही जड नाही. या भट्टीचे खरे प्रश्न दोन : ती प्रत्येक वेळी पूर्ण थंड होते, आणि तिच्या जळणाची राख विटेला खाते. अस्तर निवडायचं ते या दोन गोष्टी समोर ठेवून. कॅटलॉगमधला कमाल तापमानाचा आकडा त्यानंतर बघायचा.

जुनी वीट फोडल्यावर

जळणाच्या तोंडाजवळची एक वीट काढून आडवी फोडली. विटेच्या जाळाकडच्या बाजूचे पहिले तीन मिमी काचेसारखे, हिरवट-तपकिरी. त्यामागे सुमारे पंधरा मिमीचा घट्ट राखाडी थर. मग त्या बाजूला समांतर गेलेली एक सरळ चीर. चिरेमागे वीट जशी आणली तशीच पिवळसर, नखाने खरवडली तर भुसा निघणारी. वरच्या भिंतीतली, जाळापासून दूरची वीट फोडली, तर काचेचा थर अर्धा मिमीसुद्धा नव्हता.

लाकूड आणि टरफलं यांच्या राखेत पोटॅश भरपूर असतं. ते तापून वाफेच्या रूपाने विटेच्या छिद्रांत शिरतं आणि आत ॲल्युमिना व सिलिकाशी संयोग पावतं. नवी खनिजं मूळ खनिजापेक्षा जास्त जागा घेतात. बदललेला थर फुगतो, मागची वीट तशीच राहते, आणि भट्टी थंड होताना दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. चीर बरोबर त्या सीमेवर जाते. दर भट्टीला एक तापणं आणि एक थंड होणं. म्हणून पापुद्रा वाढत जातो.

इथे ७० टक्के ॲल्युमिनाचा सल्ला का चुकतो ते कळतं. बेळगावात ॲल्युमिना तयार करणारा मोठा कारखाना आहे आणि तिथला विशेष दर्जाचा माल तापसह विटांसाठी जातो, त्यामुळे 'ॲल्युमिना जितकं जास्त तितकी वीट चांगली' हा समज आपल्याकडे पक्का बसलाय. तापमान आणि भार यांच्यापुरतं ते खरं आहे. पोटॅशपुढे मात्र जास्त ॲल्युमिनाची वीट फुगून फुटते, कारण तिच्यात संरक्षक काच तयार व्हायला पुरेसं सिलिका मोकळं नसतं. कमी ॲल्युमिनाच्या, सिलिका जास्त असलेल्या घट्ट विटेवर चिकट काचेचा पातळ थर बसतो, छिद्रं बुजतात आणि पोटॅश आत जायचं थांबतं. सिमेंट भट्ट्यांच्या प्रीहीटरमध्ये पोटॅश-सोड्याचा त्रास असतो तिथे २५ ते ३० टक्के ॲल्युमिनाच्या विटा मुद्दाम वापरतात, त्या याच कारणाने. आमच्या मते टरफलाच्या जाळासमोर ७० टक्केवाली वीट लावणं म्हणजे जास्त पैसे देऊन कमी आयुष्य विकत घेणं.

फायबरचंही तेच. काढलेल्या ब्लँकेटचा तुकडा हातात घेतला तर पापडासारखा कटकन मोडत होता. मूळचा पांढरा, मऊ धागा कुठे उरलाच नव्हता. फायबरला पृष्ठभाग प्रचंड आणि वस्तुमान नगण्य, म्हणून पोटॅशची वाफ त्याला चटकन वितळवते. शिवाय डाउनड्राफ्टमध्ये आडभिंतीवरून येणारा झोत जोरदार असतो, सैल ब्लँकेट तो उचकटतो. गॅसवर चालणाऱ्या स्वच्छ शटल भट्टीत हेच फायबर उत्तम काम करतं. इथे ते उघड्यावर ठेवायचं नाही.

जुनं फायबर काढताना एक गोष्ट मनापासून सांगायची : सिरॅमिक फायबरची धूळ फुप्फुसात जाते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात ठेवली आहे. बराच काळ तापलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट (स्फटिकरूप सिलिका) तयार होतं, ते त्याहून वाईट. आधी पाणी फवारायचं, बारीक धूळ अडवणारा पी-३ दर्जाचा मास्क लावायचा, आणि तुकडे प्लास्टिकच्या पोत्यात बांधूनच बाहेर काढायचे. गड्याच्या तोंडाला पंचा बांधून हे काम करवून घेऊ नये.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत इंडक्शन भट्टीला सिलिकाची रॅमिंग मास, म्हणजे ठोकून बसवायची भुकटी, ठोकतात, म्हणून 'तीच भरा, स्वस्त पडते' असंही कोणी सुचवलं होतं. सिलिकातला क्वार्ट्झ ५७३ अंशाला आणि क्रिस्टोबलाइट २०० ते २७० अंशांच्या आसपास एकदम फुगतो-आकसतो. फौंड्रीतलं अस्तर गरम असतानाच सलग वापरतात आणि ठराविक ओतकामांनंतर काढून नवं ठोकतात. दर खेपेला थंड होणाऱ्या भट्टीच्या भिंतीला ते चालत नाही.

उष्णता जाते कुठे

भिंत बाहेरून हाताला कढत लागते, म्हणून बहुतेकांना वाटतं की उष्णता बाहेर जाते आणि मागे इन्सुलेशन घातलं की काम झालं. सतत चालणाऱ्या भट्टीला हे लागू आहे. तीस तास पेटून थंड होणाऱ्या भट्टीत बहुतेक उष्णता बाहेर पोचतच नाही, भिंतीतच साठते आणि भट्टी थंड होताना वाया जाते.

एका चौरस मीटर भिंतीचा हिशेब बघा. २३० मिमी फायर ब्रिकचं वजन ४६० किलो. तीस तासांनी तिचं सरासरी तापमान ६५० अंशांच्या आसपास. तीत साठलेली उष्णता सुमारे २८५ मेगाज्यूल. मागच्या लाल विटेत आणखी साठ-पासष्ट. एकूण साडेतीनशे.

आता मालकांच्या मनात असलेला बदल घ्या : पुढे ११५ मिमी फायर ब्रिक, मागे ११५ मिमी एचएफआय म्हणजे गरम तोंडाची इन्सुलेशन वीट, त्यामागे ११५ मिमी सीएफआय म्हणजे थंड बाजूची इन्सुलेशन वीट, आणि बाहेर २३० मिमी लाल वीट. कागदावर छान दिसतं. पण मागे इन्सुलेशन आल्यामुळे पुढची फायर ब्रिक पूर्ण तापते, जवळजवळ भट्टीइतकी. तिच्यात २०० मेगाज्यूलच्या वर, एचएफआयमध्ये ८०, सीएफआयमध्ये तीसेक, मागे थोडं. बेरीज ३२५. एवढा खर्च करून बचत दहा टक्क्यांच्या आत.

आता पुढची फायर ब्रिकच काढून टाका. २३० मिमी एचएफआय थेट जाळाकडे, मागे ११५ मिमी सीएफआय, बाहेर तीच २३० मिमी लाल वीट. एचएफआयची घनता घनमीटरला १०५० किलोच्या आसपास, उष्णता ती सावकाश आत घेते. बेरीज १६० मेगाज्यूल. निम्म्याहून कमी. एकूण जाडी तीच, फक्त जाळाकडची वीट बदलली.

एचएफआय आणि सीएफआय यांच्या सांध्यावर तापमान ६३० अंशांच्या जवळपास येतं, तेव्हा सीएफआय सुरक्षित राहते. हा आकडा काढल्याशिवाय मागचा थर ठरवू नये. बाहेर जाडी वाढवली की आतल्या प्रत्येक सांध्याचं तापमान चढतं.

वरची भिंत २२ चौरस मीटर आणि कमान १२.६ चौरस मीटर, मिळून साधारण साडेचौतीस. चौरस मीटरला १९० मेगाज्यूल वाचले तर एका भट्टीला साडेसहा हजार मेगाज्यूल. हवेवर सुकलेल्या लाकडात किलोला १५ मेगाज्यूल, त्यातले धुराबरोबर जाऊन भट्टीला मिळतात निम्म्याहून कमी, ४५ टक्के धरू. म्हणजे एका भट्टीमागे साडेनऊशे किलो लाकूड. खर्च वसूल व्हायला किती भट्ट्या लागतील, ते प्रत्येकाने आपल्या विटेच्या आणि लाकडाच्या भावाने काढावं.

कुठे कोणती वीट

एचएफआय सगळीकडे लावता येत नाही. ती छिद्रांनी भरलेली असते, राख तिला लवकर खाते, आणि भरणी करताना कौलाचा कोपरा आपटला तरी टवका उडतो. मग सीमा कुठे आखायची? ती नकाशावर बसून ठरवली नाही. नमुन्याच्या नऊ एचएफआय विटा घेऊन तीन आडभिंतीवर, तीन भिंतीत एक मीटर उंचीवर आणि तीन कमानीच्या बैठकीजवळ ठेवल्या. तीन भट्ट्यांनंतर काढून फोडल्या. आडभिंतीवरच्या विटा बारा मिमीपर्यंत वितळल्या होत्या. एक मीटरवरच्या विटांना दोन मिमीची साल होती, आत वीट साफ. कमानीजवळच्या विटांत, जळणाच्या तोंडांच्या बरोबर वर, चार-पाच मिमी. प्रत्येक कारखान्याने हे करावं असं कळकळीने सांगावंसं वाटतं. नऊ विटांच्या किमतीत हजारो रुपयांची चूक टळते.

त्यावरून असं ठरलं :

खालची ९०० मिमी भिंत : जाळाकडे २३० मिमी घट्ट फायर ब्रिक, ॲल्युमिना ३५ ते ४० टक्के, छिद्रता १८ टक्क्यांच्या आसपास. मागे ११५ मिमी एचएफआय. इथे साठणारी उष्णता मान्य केली. राख, धक्के आणि भार यांच्यापुढे इलाज नाही.

जळणाच्या तोंडांच्या आत : तीच घट्ट वीट. इथे तापमान भट्टीपेक्षा शंभर-दीडशे अंश जास्त असतं. जाळीच्या पातळीवर राख साठून चिकटते, तिथे सिलिकॉन कार्बाइड असलेलं कास्टेबल, म्हणजे काँक्रीटसारखं ओतायचं तापसह मिश्रण, चांगलं टिकतं, पण ते महाग आहे. या भट्टीत फक्त मधल्या दोन तोंडांना घातलं.

आडभिंत : ११५ मिमी, घट्ट वीट, पातळ मॉर्टरवर बसवलेली. मुख्य भिंतीत गुंफायची नाही. ती झिजणारच आहे, काढून बदलता आली पाहिजे.

वरची भिंत : २३० मिमी एचएफआय आणि ११५ मिमी सीएफआय. जाळाकडच्या बाजूला बारीक ग्रॉग (भाजलेल्या मातीची भुकटी) आणि चिनीमाती यांचा पातळ लेप, दोन हात, दर वर्षी नवा. सोडियम सिलिकेट घालून लेप पक्का करायचा मोह होतो. तो टाळावा, नाहीतर जो क्षार बाहेर ठेवायचा तोच आपण हाताने फासतो.

कमान : बैठकीची वीट आणि दोन्ही बाजूंचे पहिले चार थर घट्ट विटेचे, बाकी सगळी एचएफआय. वरून ५० मिमी फायबर ब्लँकेट, घनमीटरला १२८ किलो घनतेचं. इथे ते धुराच्या वाटेत नाही, त्यामुळे टिकतं. जुन्या कमानीवर माती आणि राखेचा जो जाड थर होता तो पुन्हा घातला नाही.

कायमचा दरवाजा नसलेल्या अशा भट्टीत भरणीची वाट दर वेळी विटांनी बुजवतात. तिला आतून जुन्या निघालेल्या चांगल्या फायर ब्रिक आणि बाहेरून सीएफआय. आतल्या बाजूच्या, दर खेपेला हाताळल्या जाणाऱ्या विटा मऊ नसाव्यात.

एकूण जाडी पूर्वीसारखीच ५७५ मिमी राहिली. त्यासाठी बाहेरच्या लाल विटेचा आतला ११५ मिमी थर उतरवून घेतला, म्हणजे भट्टीची आतली मापं बदलली नाहीत.

माल घेताना

२३०×११५×७५ मिमीची वीट वजनकाट्यावर ठेवा. आयएस ८ साधारण ४ किलो, एचएफआय २.१ किलो, सीएफआय १.६ किलो. एचएफआय म्हणून दिलेली वीट पावणेतीन किलो भरली तर ती इन्सुलेशन वीट राहिलेलीच नाही, भले कागदावर काहीही लिहिलेलं असो. हलकी निघाली तरी सावध व्हा, ती जास्त आकसेल. दहा विटांची लांबी-जाडी मोजा. जाडीत दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पातळ सांधा धरता येणार नाही.

एचएफआयसाठी एकच चाचणी मागायची असेल तर पुन्हा तापवल्यावरच्या आकसण्याची मागा. २३ गटाची वीट म्हणजे २३०० अंश फॅरनहाइट, १२६० सेल्सिअसची. वापर तिच्या शंभर-दीडशे अंश खाली ठेवायचा. १०५० च्या भट्टीला ती पुरते, जळणाच्या तोंडात नाही.

२३० मिमी जाड भिंतीला चौरस मीटरला ११२ विटा लागतात, ११५ मिमीला ५६. वरच्या भिंतीच्या २२ चौरस मीटरला एचएफआय २४६०, सीएफआय १२३०. त्यावर पाच टक्के फूट धरा, एचएफआयला आठ. मॉर्टर हजार विटांना दीड-दोनशे किलो. यापेक्षा बरंच जास्त संपत असेल तर सांधे जाड जातायत, गवंड्याला तिथेच थांबवा.

बांधकाम

जुन्या भिंतीत सांधे आठ-दहा मिमीचे होते, लाल मातीत सिमेंट मिसळून. बांधणाऱ्या मिस्त्रींचं म्हणणं, "आण्णा, सिमेंट घातल्याशिवाय वीट धरत न्हाई." थंड भिंतीला ते खरं आहे. पाच-सहाशे अंशांवर पोर्टलँड सिमेंटची ताकद जाते, आणि त्यातला चुना राखेबरोबर वितळून विटेला आणखी खातो. कमान बसण्यामागे हेही एक कारण होतं : सांधे पिळून बाहेर आले, तेवढी कमान खाली आली. दुसरं कारण टाय रॉडचे, म्हणजे भट्टी बाहेरून आवळून धरणाऱ्या लोखंडी सळ्यांचे, ढिले नट.

नव्या कामात फायर क्लेचं मॉर्टर, पातळ, ताकापेक्षा थोडं दाट. घट्ट वीट त्यात बुडवून, घासून, लाकडी हातोड्याने ठोकून बसवायची. सांधा दीड ते दोन मिमी. एचएफआय कोरडी लावली तर मॉर्टरमधलं पाणी क्षणात ओढून घेते आणि सांधा हलवताच येत नाही. तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसून मग लावायची. तोडायची ती करवतीने. हातोडी-छिन्नीने तोडलेल्या एचएफआयला आत न दिसणाऱ्या चिरा राहतात.

प्रसरणाची फट सर्वांत जास्त दुर्लक्षित. फायर ब्रिक हजार अंशांना मीटरमागे ५ ते ६ मिमी वाढते. चार मीटरच्या भिंतीला वीस-बावीस मिमी कुठेतरी हवेतच. दिले नाहीत तर भिंत कोपऱ्यातून फुटते किंवा आत पोट काढते. इथे दर सव्वा मीटरला ७ मिमीची फट ठेवली, तिच्यात फायबर पेपर भरला, आणि पुढच्या थराची फट मागच्या थराच्या फटीसमोर येऊ दिली नाही. फटीत मॉर्टर पडलं तर फट संपली. गवंडी थरामागून थर चढत असताना हे रोज बघावं लागतं.

कमान साठ अंशांची : त्रिज्या रुंदीइतकी, म्हणजे ३ मीटर, उंची रुंदीच्या मीटरमागे १३४ मिमी, एकूण ४०० मिमी. २३० मिमी जाडीच्या अशा कमानीला ७५ मिमीची वीट खालच्या तोंडाला साडेपाच मिमीने निमुळती लागते. सरळ विटा घेऊन वरच्या बाजूला मॉर्टर भरणं हा सोपा मार्ग आहे आणि तोच कमान पाडतो. घट्ट विटेची कमान प्रत्येक मीटर लांबीला आडवा रेटा सुमारे १२९० किलोचा देते. एचएफआयची ६८० किलोचा. बाहेरून रेटा धरणाऱ्या उभ्या लोखंडी चॅनलवरचा ताण निम्म्यावर येतो, हा हलक्या विटेचा फायदा कोणी विकणारा सांगत नाही. चावीची, म्हणजे कमान बंद करणारी शेवटची वीट मधोमध, दोन-तृतीयांश हाताने शिरली पाहिजे, उरलेली लाकडी ठोकळ्यावरून ठोकून.

वाळवण

खानापूरच्या पश्चिम भागातला पाऊस सगळ्यांना माहीत आहे. जून ते सप्टेंबर भट्टी थंड असते, जमिनीतून ओल चढते, आणि सीएफआय ती स्पंजासारखी धरून ठेवते. नवीन अस्तर असो वा पावसाळ्यानंतरची पहिली भट्टी, घाई केली की आतलं पाणी वाफ होऊन वीट ढकलतं.

पहिले दोन दिवस फक्त मधल्या तोंडांत बारीक जाळ, ६० ते ७० अंश. मग ११० ते १२० अंशांवर चोवीस तास थांबायचं. डँपरपाशी (चिमणीकडे जाणारा धूर कमी-जास्त करणाऱ्या झडपेपाशी) थंड पत्रा धरून बघायचा; त्यावर दव धरत असेल तर पुढे जायचं नाही. त्यानंतर तासाला १५ अंशांनी ३५० पर्यंत, तिथे बारा तास. पुढे तासाला २५ अंशांनी ६००, आणि रिकाम्या भट्टीतच ९०० पर्यंत. टाय रॉडचे नट या चढणीत थोडे थोडे सैल करत जायचे आणि थंड होताना पुन्हा आवळायचे, नाहीतर कमान वर उचलते आणि चावीजवळ तोंड उघडते. वाळवण पूर्ण लाकडावर. टरफल एकही नाही.

नंतर काय बिघडलं

पहिल्या भरणीत वरच्या थरांतली बरीच कौलं तडकली. विटेत दोष नव्हता. जळण घालणारे जुन्या भट्टीच्या सवयीने दर अर्ध्या तासाला तेवढंच लाकूड घालत होते. पूर्वी त्यातला मोठा वाटा भिंत गिळायची. आता भिंत गिळत नाही, सगळा जाळ मालावर जातो. सुरुवातीच्या धुरीच्या टप्प्यातच तापमान तासाला शंभर अंशांनी चढलं, कौलातल्या पाण्याची वाफ होऊन कौलं फुटली.

थंड होतानाही तेच. पूर्वी भरणीची वाट उघडायला चार दिवस लागायचे, आता अडीच दिवसांत भट्टी उतरते. ५७३ अंशांच्या आसपास क्वार्ट्झ आकसतो, तिथून झपकन खाली आलं तर कौलाला बारीक, सरळ तडा जातो. वाजवून बघितलं की बद्द आवाज येतो. आता जाळ संपला की सहाही तोंडं विटा-मातीने लिंपतात, डँपर पूर्ण बंद ठेवतात आणि ४५० अंशांखाली आल्यावरच तो बोटभर उघडतात.

के प्रकारची दोन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, बसवली, एक कमानीखाली दीडशे मिमी, एक जमिनीपासून तीनशे मिमीवर. ही गोष्ट अस्तराच्या आधी करायला हवी होती. वरचा भाग हलका आणि खालचा जड असल्यामुळे चढताना वर-खाली फरक पूर्वीपेक्षा वाढला, एका वेळी ९० अंशांपर्यंत. त्यामुळे १०५० वर दोन तासांऐवजी साडेतीन तास थांबतात. थोडं जळण तिथे परत जातं.

आता चाललेलं वेळापत्रक असं : १२० अंशांपर्यंत दहा तास, लाकडाच्या मोठ्या ओंडक्यांवर, तोंडं अर्धी झाकून. ६०० पर्यंत तासाला ६० अंश. पुढे ८०० पर्यंत तासाला ७०. ८०० नंतरच टरफलं, एका वेळी दोन घमेली, आणि तीही समोरासमोरच्या तोंडांत आळीपाळीने, म्हणजे काळा धूर साठत नाही. दर भट्टीनंतर जाळीखालची राख पूर्ण काढायची. विटेला टेकून राहिलेली राख पुढच्या जाळात तिथेच वितळते.

चौथ्या भट्टीपासून जळण पाच टनांवरून सव्वाचारपर्यंत आलं. हिशेबात साडेनऊशे किलोंची बचत होती, मिळाली साडेसातशे. फरक १०५० वरच्या जादा थांबण्यात, ओल्या लाकडात आणि भरणीच्या वाटेच्या फटींत जातो. वाट बुजवताना दोन थरांच्या मध्ये फायबरची पट्टी घालायला सुरुवात केली आहे.

आडभिंत दहा-बारा भट्ट्यांत बदलावी लागेल. दोन्ही बाजू मिळून ७.२ चौरस मीटर, ११५ मिमी जाड, म्हणजे चारशेच्या वर विटा. तेवढ्या विटा कोरड्या गोदामात, जमिनीपासून उचलून फळ्यांवर, मेणकापडाखाली रचून ठेवल्यात, पावसाळ्याआधीच.